बँडमास्तर कॅप्टन डायेट : शाळेच्या एका खोलीतून घडलेल्या पिढ्या

जयंतीची मिरवणूक आमच्या वस्तीतून निघाली, की एक दृश्य दरवर्षी हमखास दिसते. पुढे निळे झेंडे, मागे बँड आणि बँडवाल्यांच्या पायांत घोटाळणारी आठ-दहा वर्षांची पोरे. ट्रंपेटवाल्याचे गाल कसे फुगतात, ढोलावर काठी कशी पडते, हे ती डोळे विस्फारून पाहत असतात. यंदा त्यातला एक मुलगा मिरवणूक संपल्यावर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मला ते पितळी वाजवायला शिकायचंय. कुठं शिकवतात?"

त्याचे वडील शेजारीच उभे होते. पालिकेच्या सफाई खात्यात नोकरीला असलेला कष्टाळू माणूस. ते हसून म्हणाले, "दादा, त्याला नादी लावू नका. चार महिने लग्नसराई आणि आठ महिने उपास. बँडवाला होऊन पोट भरतं का?"

आम्ही आयुष्यभर कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पोटाचा प्रश्न कोणी विचारला की तो हसण्यावारी नेणे आम्हांला जमत नाही. त्या बापाचा प्रश्न खरा होता. पण मुलाचा प्रश्नही तितकाच खरा होता. कुठे शिकवतात? आमच्या वस्तीच्या शाळेत शिकवतात का? आम्हांला उत्तर देता आले नाही.

घरी आल्यावर आम्हांला एका माणसाची आठवण झाली. त्याच्याविषयी आम्ही पूर्वी वाचले होते. तो आपल्या देशाचा नव्हे, अमेरिकेतला. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्या घरांना नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्याच कृष्णवर्णीयांच्या शिकागो शहरातील वस्तीत एक बँडमास्तर होऊन गेले. पलटणीचा बँड त्यांनी चालवला आणि सरकारी शाळेत तीसएक वर्षे गरिबांच्या मुलांना संगीत शिकवले. त्यांचे नाव कॅप्टन वॉल्टर डायेट. त्या बापाच्या आणि त्या मुलाच्या, दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते, असे आम्हांला वाटते.

पाण्यावरही रेघ ओढलेले शहर

आधी ते शहर समजून घेऊ. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचे हाल संपले नाहीत. कापसाच्या शेतात कर्जाने बांधलेली मजुरी, वेगळ्या शाळा, आगगाडीत वेगळे डबे आणि जमावाकडून होणारे खून. पहिल्या महायुद्धाच्या काळात, साधारण १९१६ पासून, उत्तरेकडील कारखान्यांना माणसे हवी होती. तेव्हा लाखो कुटुंबे बोचकी बांधून उत्तरेकडे निघाली. शिकागोत कत्तलखाने होते, पोलादाचे कारखाने होते, रेल्वेत हमाली होती. १९१० साली त्या शहरात सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते. १९३० साली ते सुमारे २ लाख ३४ हजार झाले.

माणसे वाढली, पण जागा वाढली नाही. शहराच्या दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यातच त्यांनी राहायचे, असा अलिखित नियम होता. पुढे तर घरमालकांनी आपापसांत लेखी करार केले, की काळ्या माणसाला घर विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ साली. १९१९ च्या जुलै महिन्यात एक सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सरोवरात पोहत होता. पोहता पोहता तो गोऱ्यांनी आपल्या मानलेल्या पाण्यात गेला. काठावरून दगड आले आणि तो मुलगा बुडून मेला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्याचीही वाटणी कशी होते, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे समजावून सांगायला नको.

अशा या शहरात डायेट आले, ते डॉक्टर होण्यासाठी.

डॉक्टरकीचे स्वप्न आणि घरचा भार

वॉल्टर हेन्री डायेट यांचा जन्म ११ जानेवारी १९०१ रोजी मिझुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. वडील कृष्णवर्णीयांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. आई पियानो वाजवी आणि गातही असे. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. तेथे मुलाने व्हायोलिन हाती घेतले. शाळेच्या वाद्यवृंदात तो पुढच्या खुर्चीवर बसू लागला. क्लॅरिनेट, बसून, ड्रम हीही वाद्ये त्याने शिकून घेतली.

तरीही डोक्यात विचार होता वैद्यकीय शिक्षणाचा. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी त्याची पूर्वतयारी केली. शिकागोला वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. त्या काळी कृष्णवर्णीय तरुणाला अशी संधी मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु आई आणि बहीण यांच्या पोटाची जबाबदारी अंगावर होती. शिष्यवृत्तीतून फी भागते, घर भागत नाही, हे आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुलांनी अनुभवलेले आहे. डायेट यांनी डॉक्टरकीचा नाद सोडला आणि व्हायोलिन हातात धरून नोकरी पत्करली.

नोकरी कसली? तर सिनेमागृहातील वाद्यवृंदात वाजवण्याची. तेव्हाचे चित्रपट मूक होते. पडद्यावर चित्र चाले आणि पडद्यापुढे बसून वादक प्रत्यक्ष संगीत वाजवीत. घोडा धावला की ताल वाढवायचा, प्रसंग दुःखाचा आला की व्हायोलिनने रडायचे. शिकागोच्या दक्षिण भागात व्हेंडोम नावाचे नामांकित थिएटर होते. तेथील अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात डायेट वाजवू लागले. प्रख्यात ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनीही याच वाद्यवृंदात काही काळ वाजवले आहे. तेथे नोटेशन वाचता येणे ही पहिली अट होती. समोर कागद आला की लगेच वाजवायचे, चुकायला फुरसत नाही.

पण १९२७ नंतर बोलपट आले आणि थिएटरांतील वादकांच्या नोकऱ्या गेल्या. यंत्र आले की हात रिकामे होतात, ही गोष्ट आपल्या गिरणी कामगारांनी पुढे सोसली, ती त्या वादकांनी तेव्हा सोसली. पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली. ज्यांना फक्त वाजवता येत होते ते रस्त्यावर आले. ज्यांना वाजवता येत होते आणि शिकवताही येत होते, त्यांना एक दार उघडे राहिले.

आठव्या पलटणीचा बँड

आता त्यांच्या नावामागील 'कॅप्टन' या शब्दाकडे वळू. इलिनॉय राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये आठवी पलटण म्हणून कृष्णवर्णीयांची एक पलटण होती. नॅशनल गार्ड म्हणजे आपल्याकडील प्रादेशिक सेनेसारखी व्यवस्था. एरवी माणूस आपला कामधंदा करतो आणि ठरलेल्या दिवशी वर्दी घालून कवायतीला जातो. या आठव्या पलटणीचे वैशिष्ट्य असे, की तिचे अधिकारीही कृष्णवर्णीयच होते. १८९८ च्या युद्धात ती क्युबात गेली. पहिल्या महायुद्धात तिला ३७० वी पलटण असा क्रमांक मिळाला आणि फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली ती फ्रान्सच्या भूमीवर लढली. मात्र १९१८ साली मोठ्या लढायांच्या आधी तिच्या कृष्णवर्णीय कर्नलला बाजूला करून गोरा कर्नल नेमण्यात आला. रक्त सांडायला चालते, पण हुकूम द्यायला चालत नाही. हा न्याय आपल्याही ओळखीचा आहे.

या पलटणीसाठी शिकागोत जे कवायतगृह बांधले गेले, ते अमेरिकेतील कृष्णवर्णीय पलटणीसाठी बांधलेले पहिले कवायतगृह. १९१५ च्या सुमारास ते पुरे झाले. आसपासच्या वस्तीला त्या इमारतीचा मोठा अभिमान. पलटण रस्त्यावरून निघाली की पुढे बँड असे आणि दुतर्फा माणसे उभी राहत. एरवी ज्यांना कोणी 'अहो' म्हणत नसे, त्यांचीच माणसे चकचकीत बटणांच्या वर्दीत, एका पावलावर चाललेली दिसत.

डायेट हे या आठव्या पलटणीच्या बँडचे प्रमुख झाले. पलटणीच्या बँडमुळेच 'कॅप्टन' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. पुढे शाळेत त्यांना मुले 'सर' म्हणत नसत, 'कॅप' किंवा 'कॅप्टन डायेट' म्हणत.

सैनिकी बँड म्हणजे काय, हे आपण मिरवणुकीच्या बँडवरून थोडे ओळखू शकतो. पितळी वाद्ये, फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये आणि ढोलताशे. पण तेथे चालताना वाजवायचे, रांग मोडायची नाही, पाऊल चुकवायचे नाही, शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने वाजवून स्वतःला दाखवायचे नाही. एकाचे वाद्य बेसूर असेल तर साऱ्या पलटणीची अब्रू जाते. म्हणून प्रत्येकाने वेळेवर यायचे, वाद्य पुसून ठेवायचे, आपला भाग घरून बसवून आणायचा. डायेट यांनी पलटणीतील ही शिस्त शाळेत नेली. बंदूक मागे ठेवली आणि शिस्त तेवढी उचलली, असे म्हटले तरी चालेल.

असे करणारे ते पहिले नव्हते. त्यांच्या आधी मेजर नथॅनिएल क्लार्क स्मिथ हे बँडमास्तर त्याच मार्गाने गेले होते. तेही पलटणीच्या बँडमधून शाळेत आलेले. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे अंक विकणाऱ्या पोरांचा त्यांनी बँड केला होता. लायनेल हॅम्प्टन हे पुढे जगप्रसिद्ध झालेले वादक त्याच पोरांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला शिकले. पेपर विकणाऱ्या पोरांच्या हाती वाद्य द्यावे, हे एका वर्तमानपत्राला सुचले, याचे आम्हांला विशेष वाटते.

शाळेची बँडरूम

१९३१ साली डायेट हे वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये संगीत विभागात रुजू झाले. शाळा सरकारी आणि मुले कृष्णवर्णीय कामगारांची. १९३५ च्या आरंभी या शाळेच्या जुन्या इमारतीत आग लागली आणि बरीच मुले जवळच बांधलेल्या नव्या इमारतीत हलवण्यात आली. डायेटही तिकडे गेले. १९३६ साली या नव्या शाळेला डुसाबल हे नाव मिळाले. जाँ बातिस्त प्वँ डुसाबल हे अठराव्या शतकातील कृष्णवर्णीय व्यापारी. शिकागो नदीच्या मुखाशी पहिली कायमची वसाहत त्यांनी केली. ज्या शहरात काळ्यांना घर मिळत नव्हते, त्या शहराचा पाया घालणारा माणूसच काळा होता. शाळेच्या पाटीवर ते नाव आले, तेव्हा मुलांना रोज दारातच इतिहासाचा एक धडा मिळू लागला.

डायेट स्वतःही शिकत राहिले. दिवसा शाळा सांभाळून त्यांनी १९३८ साली संगीताची पदवी घेतली आणि १९४२ साली पदव्युत्तर पदवी. नोकरी लागली की पुस्तक मिटले, असे त्यांनी केले नाही.

त्यांच्या शिकवण्याची रीत अशी. नवा मुलगा आला की आधी प्राथमिक वर्गात बसायचे. तेथून तयारी दाखवली की मोठ्या बँडमध्ये आणि त्यानंतर नृत्यसंगीताच्या बँडमध्ये. जॅझ वाजवण्याची हौस सगळ्यांनाच असे, पण तिथवर पोहोचायला आधी नोटेशन पक्के व्हावे लागे. नुसते कानाने ऐकून वाजवणाऱ्याला ते कागद वाचायला लावीत आणि नुसता कागद वाचणाऱ्याला कान तयार करायला लावीत. मोठ्या बँडमध्ये एकाने चूक केली तरी ती नेमकी कोणाची, हे त्यांना लगेच कळे. मग त्या मुलाची धडगत नसे. त्यांच्या कडक स्वभावाच्या आणि फटकळ तोंडाच्या आठवणी त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही सांगत असत. धाक होता, हे खरे. पण हाकलून दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चूक सुधारून आला, की त्याला पुन्हा त्याची खुर्ची मिळे.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉनी ग्रिफिन नावाचा एक लहानखुरा मुलगा. शाळकरी वयात त्याने एका समारंभात जीन अॅमन्स या तरुणाचे टेनर सॅक्सोफोन ऐकले. अॅमन्स हे डायेट यांचेच विद्यार्थी. या मुलाने ठरवले, की वाजवायचे तर तेच. डुसाबलमध्ये आल्यावर त्याने सॅक्सोफोन मागितला. कॅप्टनने त्याच्या हातात दिले क्लॅरिनेट. आधी हे शीक. नंतर ओबो हे वाद्यही त्याला शिकावे लागले. मुलगा मनात खट्टू झाला असेल. पण क्लॅरिनेटवर बोटे बसली की सॅक्सोफोन सोपा जातो, हे गुरूला ठाऊक होते. १९४५ साली ग्रिफिनची शाळा संपली आणि आठवडाही उलटण्याआधी तो लायनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित बँडमध्ये नोकरीला लागला. वय वर्षे सतरा. पुढे टेनर सॅक्सोफोनच्या जगातील अव्वल वादकांत त्याची गणना झाली.

इतके कडक का असावे? आम्हांला असे वाटते, की ज्या माणसाला चूक करण्याची दुसरी संधी मिळत नाही, त्याला पहिल्याच वेळी बरोबर वाजवावे लागते. शिकागोत वादकांच्या युनियनसुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. त्या एक झाल्या १९६६ साली. गोऱ्या वादकाला एक दार बंद झाले तर दुसरे उघडत असे. डायेट यांच्या मुलांना दारेच मोजकी होती. तेथे पोहोचलेला मुलगा उशिरा आला, कपडे मळके घालून आला किंवा समोरचा कागद वाचू शकला नाही, तर नुसता तो नापास होत नसे. त्याच्यामागून येणाऱ्यांचे दारही बंद होई. कॅप्टनचा धाक हा त्या बंद दारांना दिलेला जबाब होता.

हाय-जिंक्सचा हिशेब

आता आमच्या आवडीचा विषय, म्हणजे हिशेब. वाद्ये महाग असतात. एक बरे ट्रंपेट घ्यायचे तर मजुराच्या घरचे अंदाजपत्रक कोसळते. शाळेला सरकारकडून मिळणारा पैसा अपुरा आणि मुलांच्या आईबापांकडे तर नाहीच. मग डायेट यांनी काय केले?

त्यांनी दरवर्षी शाळेत एक मोठा रंगमंचीय कार्यक्रम सुरू केला. त्याचे नाव 'हाय-जिंक्स', म्हणजे धमाल. नाटुकली मुलांनी लिहायची, नाच मुलांनी बसवायचे, गाणी मुलांनी गायची आणि साथ शाळेच्याच वाद्यवृंदाची. तिकिटे विकायची. वस्तीतली माणसे तिकीट काढून येत, कारण कार्यक्रम खरोखर चांगला असे. आलेल्या पैशातून वाद्ये घ्यायची, वर्दी शिवायची, संगीताचे कागद आणायचे. दुसऱ्या वर्षी आणखी मुलांच्या हाती वाद्य.

यातील गोम आमच्यासारख्या वहीवाल्याच्या लगेच ध्यानात येते. ही देणगी नव्हती. कोणा धनिकापुढे हात पसरलेला नव्हता. समाजाने चार आणे दिले आणि बदल्यात समाजाला चार आण्यांची कला मिळाली. शिवाय मुलांना रंगमंचावर उभे राहण्याचा सराव झाला, तो फायदा वेगळाच. आणि वाद्य शाळेचे राहिले. एक मुलगा शाळा सोडून गेला की तेच वाद्य पुढच्या मुलाच्या हाती आले. एका कुटुंबाला जे परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून घ्यायचे आणि सगळ्यांच्या मुलांनी वापरायचे. आपल्या मंडळांच्या वर्गणीच्या वह्या आम्ही पुष्कळ तपासल्या आहेत. त्यात मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा खर्च असतो. दहा वर्षांनी शिल्लक राहील अशी वस्तू त्यात क्वचितच दिसते.

पीक काय आले?

डुसाबलच्या त्या बँडरूममधून निघालेल्यांची यादी मोठी आहे. काही नावे सांगतो. नॅट किंग कोल, ज्यांचा आवाज जगभर रेडिओवर घुमला. १९५६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय दूरदर्शनवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. तो लोकप्रिय होता, पण काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला देशव्यापी जाहिरातदार मिळेना, म्हणून १९५७ च्या अखेरीस तो बंद झाला. जीन अॅमन्स आणि जॉनी ग्रिफिन यांचा उल्लेख वर आलाच आहे. व्हॉन फ्रीमन हे तिसरे मोठे सॅक्सोफोनवादक. ते बाहेर फारसे गेले नाहीत, आयुष्यभर शिकागोतच वाजवत राहिले आणि कितीतरी तरुणांना त्यांनी हाताशी धरले. वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०१२ साली, त्यांना जॅझमधील राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी ते वारले. डोरोथी डोनेगन ही पियानो वाजवणारी मुलगी. बायकांना वादक म्हणून फार जवळ न करणाऱ्या त्या जगात तिने पन्नास वर्षे पियानो गाजवला. १९९२ साली तोच राष्ट्रीय सन्मान तिला मिळाला.

रिचर्ड डेव्हिस हे बासवादक पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९७७ पासून जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी शिकवले. लेरॉय जेंकिन्स हे व्हायोलिनवादक स्वतः काही काळ शाळेत संगीतशिक्षक होते. म्हणजे कॅप्टनचे शिकवणे त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांपर्यंत गेले. पॅट पॅट्रिक नावाचा आणखी एक विद्यार्थी सॅक्सोफोनवादक झाला. त्याचा मुलगा डेव्हल पॅट्रिक हा २००७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचा पहिला कृष्णवर्णीय राज्यपाल झाला. तिकडे राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा लागतो.

त्याच डुसाबल शाळेच्या बाकांवर बसलेली, पण संगीतात न गेलेली माणसेही मोठी झाली. 'एबनी' या मासिकाचे संस्थापक जॉन जॉन्सन हे तेथलेच. १९८३ साली शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले हॅरोल्ड वॉशिंग्टन हेही काही वर्षे तेथेच शिकले.

आणि ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, त्यांचे काय? बँडमध्ये बसलेला प्रत्येक मुलगा काही कलावंत होत नाही. बहुतेकांना शेवटी नोकरीच करावी लागते. पण वेळेवर यायचे, आपला भाग तयार करून आणायचा, शेजाऱ्याचे ऐकत आपले वाजवायचे, एवढे ज्याच्या अंगी मुरले तो कोणत्याही कामावर उठून दिसतो. त्या सफाई कामगार बापाला आम्ही पहिले उत्तर हेच देऊ. वाद्य शिकलेला मुलगा बँडवालाच होतो असे नाही. आणि बँडवाला झालाच, तर नोटेशन वाचणारा बँडवाला आणि चार चाली कानावर घेतलेला बँडवाला यांच्या मजुरीत फरक पडतो.

मास्तरांच्या नावाची शाळा

डायेट हे १९६२ पर्यंत डुसाबलमध्ये शिकवत होते. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांच्या ध्वनिमुद्रिका जगभर विकल्या गेल्या. मास्तरांचे स्वतःचे नाव मात्र रसिकांपेक्षा शिकागोच्या दक्षिण भागातील घराघरांतच अधिक राहिले.

१९७२ साली त्या भागातील वॉशिंग्टन पार्कजवळ एक नवी सरकारी शाळा उघडली. तिला वॉल्टर डायेट यांचे नाव देण्यात आले. गोष्ट येथे संपली असती तर ती गोड झाली असती. पण पुढे काय झाले तेही वाचकांनी ऐकावे.

२०१२ साली शिकागोच्या शाळा मंडळाने ही शाळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला. निकाल वाईट आहे, पट घसरला आहे, ही कारणे. वस्तीचे म्हणणे असे, की आधी शाळेचे शिक्षक आणि साधने काढून घेतली आणि मग शाळा चालत नाही म्हणून बोट दाखवले. कला आणि शारीरिक शिक्षण यांसारखे विषयसुद्धा संगणकापुढे बसून शिकावे लागतात, अशी मुलांची तक्रार होती. संगीतशिक्षकाच्या नावाची शाळा आणि तेथे कला शिकवायला माणूस नाही! २०१३ साली तर शहरातील सुमारे ५० सरकारी शाळा एकदम बंद झाल्या. त्यांतील बहुतेक गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या होत्या. जून २०१५ मध्ये डायेट शाळेतून अवघी १३ मुले बाहेर पडली आणि दारे लागली.

वस्तीने ते मान्य केले नाही. १७ ऑगस्ट २०१५ रोजी १२ माणसे शाळेसाठी उपोषणाला बसली. पालक होते, आजीआजोबा होते, शिक्षक आणि कार्यकर्ते होते. उपोषण ३४ दिवस चालले. काहींना दवाखान्यात न्यावे लागले. अखेर मंडळाला नमते घ्यावे लागले. आंदोलकांनी मागितला होता तो आराखडा पुरता मान्य झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण शाळा सरकारीच राहील, वस्तीतल्या कोणत्याही मुलाला प्रवेश मिळेल आणि कलाशिक्षणावर तिचा भर असेल, असे ठरले. सप्टेंबर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. नाव तेच, डायेट.

मास्तर वारल्याला तेव्हा ४६ वर्षे झाली होती. उपोषणाला बसलेले शाळेच्या इमारतीसाठी बसले नव्हते. आपल्या वस्तीतल्या मुलाने पायी जाता येईल अशा शाळेत जावे आणि तेथे त्याला जे शिकायचे ते शिकवणारे कोणी असावे, एवढीच त्यांची मागणी होती. आमच्याकडे आलेल्या मुलाने तरी दुसरे काय विचारले होते?

आपण काय करू शकतो?

वाचक बंधू-भगिनींनो, उपोषणाला बसा असे आम्ही सांगत नाही. एक साधे काम सांगतो. आपले मूल ज्या शाळेत जाते तेथे पुढच्या पालकसभेला जा. वेळापत्रकात संगीताचा तास आहे का, ते पाहा. असेल तर तो खरोखर होतो का, की त्या वेळात गणिताच्या वह्या तपासल्या जातात, ते मुलाला विचारा. शाळेच्या कपाटात ढोल, बिगुल, पेटी असे काही कुलपात पडले आहे का, याची चौकशी करा. पुष्कळ शाळांत कवायतीच्या बँडची वाद्ये असतात. ती २६ जानेवारीच्या आधी आठ दिवस बाहेर निघतात आणि पुन्हा आत जातात. वस्तीत पलटणीच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला कोणी असेल, तर त्याला गाठा. तो माणूस संध्याकाळी चावडीवर बसून पत्ते खेळत असेल. त्याच्या हाताखाली दहा मुले द्या.

आणि मंडळाच्या पुढच्या वर्गणीत दोन वाद्यांचा खर्च धरा. पावती समाजमंदिराच्या नावाने करा. वाद्य समाजमंदिरात राहू द्या.

आम्ही स्वतः एवढेच केले आहे. त्या मुलाच्या वडिलांना घरी बोलावले आणि कॅप्टन डायेट यांची ही सारी हकिगत चहा पीत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आधी क्लॅरिनेट शिकायचं?" आम्ही म्हटले, "आधी जे मिळेल ते शिकायचं." आमच्या वस्तीजवळ पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. येत्या रविवारी आम्ही तिघे त्यांच्याकडे जाणार आहोत. मुलाने आत्ताच विचारून ठेवले आहे, "काका, सकाळी किती वाजता निघायचं?"